50 लिटरची सॅक, 9 महिने: लातूरच्या उन्हात पास, दापोलीच्या खाऱ्या हवेत एटीकेटी

सप्टेंबरात घेतली, आता जून संपत आलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकतर वॉरंटीचं भांडण अजून चालूय आणि दुसरं म्हणजे हे कुठल्याबी सॅकचं होऊ शकतं.

आपल्याकडं लातूरला चढायला डोंगर कुठाय, म्हणून सॅकमध्ये 10 किलो ज्वारी भरून खरोसा लेण्यांच्या टेकडीवर चढायचो, लोकं विचारायचे गिरणी इकडं कुठं हाय. मग नळदुर्ग, दिवाळीनंतर गौताळ्यात दोन दिवस. काही म्हणजे काही झालं नाही. कंबरपट्टा मस्त बसतो, खांदे भरून येत नाहीत, पाठीची जाळी घामानं भिजली तरी चहा होईपर्यंत कोरडी. नोव्हेंबरात चुलतभावाला छातीठोक सांगितलं, घे डोळे झाकून. ते वाक्य मागं घेतो.

जानेवारीत मी आणि मेव्हणा दापोलीकडं हर्णैहून दाभोळला किनाऱ्यानं पायी गेलो, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं करत. मोबाईलवर बघितलं तर वाटतं वाळूवरून चालायचं काय अवघडे, पण दर दोन पुळणींच्या मधी डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं असतंय, खाली शेवाळलेले काळे खडक नाहीतर वर चढून जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि काट्याची झुडपं. जांभा म्हणजे निव्वळ खवणी. पहिल्याच दिवशी बसताना सॅक जरा घसरली तर तळाच्या कोपऱ्याचं कापड घासून दोरे वर आले, जे ज्वारीनं तीन महिन्यात झालं नव्हतं.

आणि घाम. आपल्याकडं 42 डिग्रीत घाम येतो पण वाळतो, तिथं हवाच ओली, वाळायचं नावच नाही. जाळी रात्रभर टांगली तरी सकाळी ओलीच, तेच पाठीला लावून निघायचं, तिसऱ्या दिवशी कमरेला दोन्हीकडं सालटं निघाली. पाणी मी 2 लिटर धरलं होतं, दुपारी एकलाच संपलं. 2016 ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावची आम्ही माणसं, समोर एवढा समुद्र आणि प्यायला घोट नाही, मेव्हणा हसून हसून खाली बसला. 3 लिटरच्या खाली जाऊ नका. बाटलीचे खिसे मात्र खोल आहेत, वाकलं तरी बाटली पडत नाही, हे कबूल.

लाडघरच्या पुढं खडकावर अडकलो ते आमचीच चूक. सकाळी आठला निघालो, पाणी चढायलं होतं आणि आम्हाला कळेना. भूगोलात उधाणाची भरती, भांगाची भरती पाठ करून मार्क घेतलेले, पण पाणी घोट्याला लागेपर्यंत त्यातलं काही आठवलं नाही. वर चढून बसलो तिथं जाळं घेऊन एक काका भेटले. म्हणाले, "आज द्वादशी ना? पाऊणकी येते का तुम्हाला? बारा पाऊणे नऊ. नऊला पूर्ण भरती, तीनला ओहोटी. आता बसा निवांत." पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा अंदाजे टाइम येतो, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, रोज पाऊणएक तास पुढं सरकतं. माझ्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती, आम्ही त्यांची टिंगल करायचो.

आता खरी तक्रार. घरी आल्यावर सॅक झटकली आणि माळ्यावर टाकली, धुतली नाही. मार्चमध्ये काढली तर मोठ्या चेनीचा रनर जागचा हलेना, पांढरट-हिरवी खपली धरलेली, पाठीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बी पांढरी भुकटी. चेनीचे दात नायलॉनचे आहेत, त्यांना काही झालं नाही, पण रनर धातूचा आणि मीठ हवेतला ओलावा ओढत बसतं, मग तो आतल्या आत खात राहतो. कस्टमर केअरवाला म्हणाला समुद्राचं पाणी वॉरंटीत येत नाही. अहो, सॅकच्या टॅगवर नारळाच्या झाडांचा फोटो तुम्हीच छापलाय ना!

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुहागरकडं दोन दिवस परत गेलो, होड्या वर ओढून ठेवलेल्या, 1 जूनपासून मासेमारी बंद असते. रेनकव्हर वाऱ्यात फुग्यासारखं फुगतं, पाठीकडून पाणी आत जाऊन तळाशी साठतं. यावेळी सोयाबीन झाकायच्या ताडपत्रीचा तुकडा शिवून आत पिशवी केली होती म्हणून कपडे वाचले. चेनीला मेणबत्ती घासली, घरी येताच गोड्या पाण्यानं दोनदा धुतली, अजून तरी चेन सुरळीत.

जुना रनर मात्र गेलाच होता, तो एप्रिलमध्ये गंजगोलाईत चेनवाल्या मामाकडं नेला. त्यांनी उलटसुलट बघून विचारलं, "मिठाच्या पोत्यात ठेवली होती का?" दोन रनर 60 रुपयात, तळाला रेक्झिनचं ठिगळ 80 मध्ये. अनंत चतुर्दशी झाली की वेळणेश्वर ते हेदवी, तारीख यावेळी कॅलेंडरमधली तिथी बघूनच ठरवलीय.