कुत्र्याच्या मागच्या पायांचा सपोर्ट हार्नेस, एक पावसाळा आणि एक थंडी काढल्यावर

हँडलची शिलाई उसवली आणि कंपनीनं हात वर केले म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर मी रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातला नाही. हार्नेस कसा असतो ते सांगत बसत नाही, पोटाखालनं पट्टा, मांड्यांत दोन लूप, वर हँडल, १,८९९ रुपये.

आमचा भैरू मुधोळ जातीचा कुत्रा आहे, आजोबा या जातीला कारवानी म्हणायचे, वय अकरा. पावसाळा सुरू झाला तसं उठताना मागचं धड थरथरायला लागलं, एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांत संधिवात. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध दिलं, वजनावर मोजून, खाऊन झाल्यावरच, आणि मधनंमधनं किडनी-लिव्हरसाठी रक्त तपासायचं. शेजारचे काका लगेच स्वतःची गुडघ्याची डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन हजर, "अर्धी दे की, काय होतंय?" कुणीही देऊ नका बाबांनो. कुत्र्याला पोटात अल्सर होतात, किडनीवर जातं. जनावरांसाठी ते औषध २००६ साली सरकारनं बंदच केलंय, ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, तो वेगळा विषय. माझा विषय वेल्क्रो आहे.

पोटावरचा पट्टा उघडताना जो खर्रर्र आवाज होतो तो या माणसांनी एकदा तरी कुत्र्यासमोर काढून बघितला होता का? आमचा भैरू मुळात बुजरा, तो आवाज आला की ज्या पायांवर उठता येत नाही त्याच पायांनी घसरत घसरत देवघरापर्यंत जातो, आणि आपण हार्नेस घेऊन मागं. म्हणजे दुखणं कमी करायला आणलेली वस्तू त्याला पळवतेय. त्यात बेळगावचा पाऊस, चिखल आणि केस वेल्क्रोत अडकले की ते धरतच नाही, टूथब्रश घेऊन साफ करत बसा. १,८९९ मध्ये दोन प्लॅस्टिकची बक्कलं बसत नव्हती? शाळेच्या दप्तराला असतात ती!

दुसरं म्हणजे साइज. चार्ट वजनावर आहे आणि हिशोब सगळा लॅब्रडॉरचा. मुधोळची छाती खोल, कंबर एवढीशी, पट्टा पुढं सरकतो, आणि नर कुत्रा असला की लघवी थेट त्यावर. रोज धुवायचा आणि पावसाळ्यात वाळत नाही.

शिलाई उसवल्यावर कस्टमर केअरला फोन लावला. आधी हिंदीत भांडलो, मग कळलं पोरगी बेंगळुरूची, मग कन्नडात भांडलो. तिनं निदान पूर्ण ऐकून घेतलं आणि मग "वॉरंटी इल्ल सर". म्हणे सात दिवसांत परत करायला पाहिजे होतं. सात दिवस तर भैरू त्याचा वासच घेत होता.

इथपर्यंत लिहून एक स्टार देणार होतो, पोस्ट करायचं राहून गेलं आणि मधे मत बदललं. खडे बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडं नेला, त्यानं वेल्क्रो काढून दोन बक्कलं लावली, हँडलला जाड नायलॉन दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारली, सगळे मिळून १२० रुपये. आता टक् असा बारीक आवाज येतो, भैरू मान वर करून बघतो आणि गप उभा राहतो. दारातल्या तीन पायऱ्या आता विनातक्रार उतरतो. गल्लीत लोक विचारतात, "काय ओ, कुत्र्याला पिशवीसारखं धरून कुठं चाललासा?" विचारू देत. वस्तू चांगली आहे हे मान्य करावं लागतंय, कापड मऊ आहे, हँडलची उंची बरोबर, मला वाकावं लागत नाही. फक्त मागचं धड उचलून धरायचं नाही, पाठ सरळ राहील एवढाच भार घ्यायचा, पाय त्याचे त्यानंच टाकायला पाहिजेत.

आता गोळीनं किती फरक पडला आणि हार्नेसनं किती ते सांगता येत नाही, बायकोच्या मते सगळं श्रेय फरशीवर टाकलेल्या रबरी मॅटला. तिचं बरोबर असेल, गुळगुळीत फरशीवर पाय फाकायचे ते थांबलंय, आणि मॅट हार्नेसच्या निम्म्या किमतीत आली. नखंही वेळेवर कापतो, वाढली की पकड जाते. फिरवणं लांबचं एकदा करण्यापेक्षा थोडं थोडं दोन-तीनदा. अंगावर मांस नसलेली जात, कोपरांना घट्टे पडतात, म्हणून खाली वाकळेची जाड घडी, थंडीत वर आणखी एक. ऑर्थोपेडिक बेडच्या किमती बघून मी साइट बंद केली.

तर दोन स्टार. घ्यायच्या आधी जुना टॉवेल पोटाखालनं घालून आठवडाभर बघा, तुमचं कुत्रं धरून घेतं का ते तरी कळेल, फुकटात. घेतलाच तर वजन बघू नका, टेपनं कंबर मोजा. आणि दिवसभर अंगावर ठेवू नका, मांडीच्या आतल्या बाजूला लूप घासतो, तिथं आम्ही जुन्या धोतराचं कापड गुंडाळलंय.