कंपनीचे टायर: या पावसाळ्याआधी बदलायचे की अजून एक साल काढायचं?

नव्या गाडीसोबत आलेले कंपनीचे टायर किती चालतात, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: चाळीस-पन्नास हजार किलोमीटर. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण त्यावर बदलायचं की थांबायचं हे ठरत नाही, कारण कोल्हापुरातल्या दोन गाड्यांचं चालणं एकसारखं नसतं.

शाहूपुरी, राजारामपुरी, रंकाळा एवढ्यातच फिरणारी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर धावते. चाळीस हजार व्हायला तिला साडेसहा वर्षांच्या वर लागतील. तोवर नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा) शिल्लक दिसेल, पण रबर कडक झालेलं असेल. दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणाऱ्या गाडीचे एका फेरीचे साधारण साडेचारशे किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस हजार. तिचे टायर दोन वर्षांत नक्षीवरच संपतात, वयाचा प्रश्नच येत नाही. तिसरी गाडी घाटातली. गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली अशा वळणांवर पुढच्या टायरच्या कडा जास्त घासतात, त्यामुळे मधली नक्षी चांगली दिसत असतानाच टायर कडेने संपू शकतो. पहिल्या गाडीने टायरची तारीख बघावी, दुसरीने नक्षीची खोली मोजावी, तिसरीने कडा तपासाव्यात.

मोजायचं कसं

नव्या कारच्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. कारसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे. टायरच्या बाजूला, खांद्याजवळ, छोटे त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) ही अक्षरं असतात. तिथून सरळ नक्षीत पाहिलं की खाचेच्या तळाशी रबराचा आडवा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिमी उरली आणि टायर संपला.

नुसत्या नजरेवर जाऊ नका. टायरची खोली मोजायचा साधा गेज स्वस्तात मिळतो. आपल्याकडे तर उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या हाताशी व्हर्नियर (बारीक मापं घेण्याची मोजपट्टी) असतो. त्याच्या मागून निघणारी बारीक पट्टी खाचेत उभी सोडायची, व्हर्नियरचा बूड नक्षीवर सपाट टेकवायचा आणि आकडा वाचायचा. पट्टी त्या उंचवट्यावर टेकू देऊ नका, नाहीतर खोली १.६ मिमीने कमी भरेल. आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. आतली कड दिसावी म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा. बहुतेकांची फसगत याच कडेला होते: गाडीबाहेर उभं राहून पाहिलं तर टायर ठणठणीत, आणि आत तारा दिसायला लागलेल्या.

तीन आकड्यांत फरक असेल तर टायरसोबत गाडीचंही काहीतरी चुकलंय. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच राहिला, तर हवा कमी ठेवली गेली. फक्त मध्य झिजला, तर हवा जास्त होती. एकच कड गेली, तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर करवतीसारखं लागलं, तर पुढची चाकं सरळ रेषेत नाहीत. ठरावीक अंतरावर खळगे असतील तर शॉकअप थकलेत. कारण दुरुस्त न करता नवे टायर घातले, तर तेही तसेच झिजतील. पैसे दोनदा जातील.

१.६ पर्यंत थांबायचं की ३ ला बदलायचं

खरा निर्णय हाच. कोरड्या डांबरावर झिजलेला टायरही बऱ्यापैकी धरतो. त्याची परीक्षा पाण्यात होते. नक्षीच्या खाचा म्हणजे टायरखालचं पाणी बाहेर फेकणारी गटारं. ती उथळ झाली की वेगात पाणी बाजूला सरायला वेळ मिळत नाही, टायर पाण्यावर उचलला जातो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. ३ मिमीच्या खाली ही ताकद झपाट्याने कमी होते आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वाढतं. २ मिमीचा टायर कायद्यात बसतो, पण जुलैत कारूळ घाट उतरायला तो पुरेसा नाही.

आपल्याकडचा धोका जूनच्याही आधी सुरू होतो. वळवाचा पहिला शिडकावा पडतो तेव्हा रस्त्यावर धूळ, तेल आणि गाळप हंगामात ट्रॉल्यांतून पडून चिरडलेला ऊस यांचा थर असतो. थोड्या पाण्यात त्याचा चिकट राडा होतो. धो-धो पावसापेक्षा ही पहिली पंधरा मिनिटं जास्त घसरडी असतात.

आमचं मत सरळ आहे. मे महिन्यात मोजलेली नक्षी ३ मिमी किंवा त्याहून कमी असेल आणि गाडी महामार्गावर किंवा घाटात जात असेल, तर पावसाळ्याआधी टायर बदला. गाडी गावातच चाळीसच्या वेगाने फिरत असेल तर २ मिमीपर्यंत ओढायला हरकत नाही, पण त्या टायरवर पावसात बाहेरगावी जाऊ नका. ऑक्टोबरमध्ये ३ मिमी भरली आणि गाडी फार चालत नसेल, तर घाई नाही. कोरडा हंगाम काढा आणि पुढच्या मेमध्ये घ्या.

मेमध्ये ३ च्या वर भरली तर पुढचा हिशेब घरी करता येतो. समजा टायर नवा असताना ८ मिमी होता आणि ३०,००० किलोमीटरला ४.४ मिमी उरलाय. झिजला ३.६ मिमी, म्हणजे दर हजार किलोमीटरला ०.१२ मिमी. ३ मिमीपर्यंत अजून १.४ मिमी शिल्लक आहे, त्याचे साधारण ११,५०० किलोमीटर होतात. वर्षाला दहा हजार चालणारी गाडी हा पावसाळा निर्धास्त काढेल. वर्षाला तेवीस हजार चालणाऱ्या गाडीची ती नक्षी सहा महिन्यांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास, ३ वर येईल. पावसाळा तिचाही निघतो, पण पुढच्या मेपर्यंत थांबणं जमणार नाही, तोवर ती १.६ वर आलेली असेल.

नक्षी आहे, पण वय झालंय

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते, तेव्हा गाडीखाली वाकून बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी टायर काढावेत, असं टायर कंपन्याच सांगतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी आम्ही सहा-सात वर्षांची मर्यादा धरू. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं दिसलं तर तेवढीही वाट पाहू नका.

फुगा आला असेल तर चर्चाच नको. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले की साइडवॉलवर लिंबाएवढा उंचवटा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. पंक्चरही फक्त नक्षीच्या भागात, ६ मिमीपर्यंतच्या छिद्राचंच काढावं. खांद्यावर किंवा बाजूला खिळा घुसला असेल तर पंक्चरवाला हो म्हणाला तरी आपण नाही म्हणायचं.

दोनच की चारही

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर संपतात, कारण ओढणं, वळणं आणि बहुतांश ब्रेक त्यांच्यावरच येतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवले, म्हणजे त्यांच्या जागा आपसांत बदलल्या, तर चारही जवळपास एकत्र झिजतात. साध्या नक्षीचे टायर असतील तर पुढचे सरळ मागे घ्यायचे आणि मागचे उलट बाजूंनी पुढे आणायचे. बाणाची खूण असलेले एका दिशेचे टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे करायचे. टायर फिरवल्याने रबर वाढत नाही. फक्त थोड्या थोड्या काळाने दोन घ्यायचे की एकदम चार, एवढाच फरक पडतो.

टायर फिरवलेले नसतील, पुढचे २.५ आणि मागचे ५ मिमी असतील आणि मागच्यांचं वय चार वर्षांच्या आत असेल, तर दोन घेणं योग्य आहे. मात्र नवे दोन मागे लावा आणि मागचे पुढे आणा. दुकानात बऱ्याचदा उलट करतात, कारण झिजले पुढचे. पण पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जायला बघते, तुम्हाला स्टिअरिंगमध्ये ते कळतं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ती बऱ्याचदा सावरते. मागचे घसरले तर गाडी जागेवर फिरते. ओल्या वळणावर ते सावरणं सराईत चालकालाही अवघड जातं.

मागचेही ३.५ च्या आत आले असतील किंवा पाच वर्षांचे झाले असतील, तर चारही एकदम घ्या. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत नक्षीच्या खोलीतला फरक कमीत कमी ठेवावा लागतो, तिथे चार घेणंच बरं.

तेच टायर की दुसरे

गाडीची कंपनी टायर निवडते तेव्हा मायलेज, आवाज, आराम आणि किंमत यांचा मेळ घालते. मायलेजला तिथे मोठं वजन असतं, म्हणून हे टायर बऱ्याचदा हलके आणि कमी विरोधाने फिरणारे असतात. तेच मॉडेल पुन्हा घेतलं तर गाडीचा स्वभाव बदलत नाही. महिन्याला पेट्रोलचा हिशेब लिहिणाऱ्याने तेच घ्यावं.

दुसरं मॉडेल घेताना विचारावं: जास्त चालणारा हवा की ओल्यात धरणारा? जास्त किलोमीटर देणारं रबर सहसा कडक असतं आणि ओल्यात त्याची पकड थोडी उणी पडते. मऊ रबर धरतं, पण लवकर झिजतं. टायरवर ट्रेडवेअर (आकडा जितका मोठा, तितका टायर जास्त टिकतो) म्हणून ३२० किंवा ४८० असा आकडा असेल तर तो एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गगनबावड्याकडे किंवा कोकणात नेहमी जाणाऱ्याने पाच-सात हजार किलोमीटर कमी मिळाले तरी ओल्यात धरणारा टायर घ्यावा. वर्षभर सांगली-कोल्हापूर करणाऱ्याला टिकाऊ टायर परवडेल.

साइज शक्यतो तीच ठेवा. १८५/६५ आर१५ ऐवजी १९५/६५ आर१५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे १३ मिमी, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढतो. काट्यावर १०० दिसतील तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के जास्त वेगात असेल. शिवाय टायर जड, म्हणून मायलेज उतरतं. साइजपुढचा ८८ सारखा आकडा भाराचा असतो. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. तो कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका.

जुन्या टायरवर नक्षी कोरून, काळं पॉलिश मारून विकलेले टायर कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. कोरताना खाच तारांपर्यंत जाते आणि तिथून पाणी आत शिरतं.

दुकानात गेल्यावर

भाव विचारताना तो जीएसटी धरून सांगितलाय का ते पक्कं करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट यांचे पैसे वेगळे असतील तर तेही आधीच विचारा. व्हॉल्व्ह नवे घ्याच, जुन्या रबरी व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू उतरते. टायर बसवण्याआधी डीओटीच्या ओळीतले तारखेचे चार आकडे वाचून घ्या. सहा महिन्यांच्या आतला माल उत्तम, वर्षापर्यंतचा चालेल. त्याहून जुना असेल तर भाव उतरवून मागा. टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीकडून न येता टायरच्या कंपनीकडून येते, म्हणून बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या.

हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पाच माणसं आणि सामान घेऊन निघाल्यावर त्याच स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक किंवा जोरात वळण टाळा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट एकदा पान्याने तपासा.

पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने जाऊन आल्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. आधी चाकाच्या डिस्कच्या (रिमच्या) आतल्या बाजूला वाळलेला चिखल पाण्याच्या जोरात धुऊन काढा. बऱ्याचदा थरथर तिथेच थांबते.

आणि स्टेपनी. तीही गाडीइतकीच जुनी आहे. चार नवे घेताना जुन्यांतला सर्वांत चांगला टायर स्टेपनीच्या साइजचा आणि वयाने बरा असेल तर तो डिकीत ठेवा. स्टेपनी लहान साइजची असेल आणि तिच्यावर ८० ची खूण असेल, तर त्या वेगापुढे जाऊ नका. महिन्यातून एकदा तिचीही हवा बघा.