नो कॉस्ट ईएमआयवर डिजिटल मार्केटिंगचा क्लास लावताय? आधी माझं ऐका

जून आला की त्या जाहिराती परत सुरू होतात. नुकतंच बीकॉम, बीए झालेल्या पोरांच्या इन्स्टाग्रामवर दर तिसऱ्या रीलनंतर एक, "जाहिरात क्षेत्रात करिअर, चार महिन्यात एजन्सीत जॉब, शंभर टक्के प्लेसमेंट". परवा आत्याच्या मुलाने अशीच एक मला पाठवली आणि खाली विचारलं, दादा हे कसंय. त्याला फोनवर पाऊण तास सांगत बसलो, मग म्हणलं लिहूनच टाकावं. क्लासचं नाव घेत नाही, एक तर प्रकरण ग्राहक आयोगात चालू आहे आणि दुसरं म्हणजे त्या नावाची पाटी कधीच उतरलीय, आता दुसरी पाटी लागली असेल कुठंतरी.

मी बार्शीचा. वडील भुसार आडतीवर दिवाणजी आहेत, पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्याचे हिशेब लिहितात. मला लहानपणापासून जाहिरातीचं वेड, म्हणजे टीव्हीवरच्या नाही, भिंतीवरच्या. आमच्याकडं एक पेंटर होते, बियाण्याच्या, सिमेंटच्या जाहिराती भिंतीवर रंगवायचे, आधी खडूने ओळी आखायचे मग एकेक अक्षर भरायचे, शाळा सुटली की मी तिथंच उभा. पुढं पुण्यात बीकॉमला आलो, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचो, आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत भूमला मामाकडं गेलतो तेव्हा त्याच्या खव्याच्या भट्टीवर एक रील केली. गाणं नाही काही नाही, नुसता उलथनं कढईला घासल्याचा आवाज, आणि शेवटी एक ओळ, "आज सकाळी हे दूध होतं." चाळीस हजारावर लोकांनी बघितली ती. मामाला दोन फोन आले पुण्याच्या मिठाईवाल्यांचे. तेव्हा डोक्यात बसलं की आपल्याला हेच करायचंय.

पण हेच म्हणजे काय, कुठं शिकायचं, हे सांगणारं घरात कुणी नाही. अहमदाबादचं मायका, जाहिरात शिकवणारं कॉलेज, माहीत होतं पण ती फी आमच्या आवाक्यातली नव्हती. मुंबईत मास मीडियाला जायचं तर परत पहिल्यापासून तीन वर्षं. मग मे २०२३ मध्ये ती जाहिरात दिसली आणि मी फॉर्म भरला. नाव, नंबर, गाव, वडील काय करतात. वडील काय करतात हे क्लासवाल्यांना कशाला पाहिजे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पाच मिनिटात फोन. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, डेक्कनजवळ, काचेचं केबिन, भिंतीवर "प्लेस्ड" लिहिलेले पोरापोरींचे हसरे फोटो. समोर एक काउन्सेलर ताई, माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी, आणि मला सारखी "सर" म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं, त्याचाही परिणाम असतो, हसू नका. फी नव्वद हजार, त्यावर पेनाने काट, खाली सत्तावन्न हजार, "फक्त आज". तीन हजार बुकिंग आत्ता, बाकीचे चोपन्न हजार बारा हप्त्यात, महिन्याला साडेचार हजार, नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी. जॉब लागला की पगारातूनच जातील सर. मी म्हणलं घरी विचारून सांगतो. ती म्हणली, "विचारा ना सर, पण बॅचमध्ये दोनच सीट आहेत, आणि निर्णय स्वतः घेता येत नसेल तर क्लायंटसमोर कसे घ्याल?" हे वाक्य मला अजून पाठ आहे. इतकं नेमकं टोचणारं वाक्य मी आजही लिहू शकत नाही, खरं सांगतो.

आता इथून पुढं नीट वाचा, कारण फसवणूक जी झाली ती या दहा मिनिटात झाली. तिनं टॅब्लेट पुढं केला, म्हणली स्कॉलरशिप आणि ईएमआयचा फॉर्म आहे, मीच भरते, तुम्ही फक्त ओटीपी सांगा. आधारचा ओटीपी. पॅन कार्डाचा फोटो. मग "जरा इकडं बघा सर" करून माझा सेल्फी. मग बँकेचं डेबिट कार्ड, परत ओटीपी. स्क्रीन तिच्याकडं, मी फक्त आकडे वाचून दाखवतोय, शाळेत पाढे म्हणल्यासारखे. मध्ये एक इंग्रजी मेसेज आला त्यात "लोन" शब्द दिसला. मी विचारलं हे लोन आहे का. "नाही सर, ते सिस्टीमचं असतं, तुमचं नो कॉस्ट आहे ना." मी गप्प बसलो. एकवीस वर्षांचा माणूस, कॉमर्सचा, आणि गप्प बसलो.

ते कर्जच होतं, आणि क्लासचं नाही तर भलत्याच एका फायनान्स कंपनीचं. व्यवहार असा असतो, ती कंपनी क्लासला सगळी फी सुरुवातीलाच एकरकमी देते, त्यातून आपलं व्याज आधीच कापून घेते, म्हणूनच ते नो कॉस्ट दिसतं, आणि ते कापलेलं व्याज क्लासवाल्याने फीत आधीच चढवलेलं असतं. म्हणजे क्लासला पैसे पहिल्याच महिन्यात मिळाले. त्यानंतर क्लास चालवला काय न चालवला काय, त्यांचं काही अडत नाही. हप्ते मात्र बारा महिने माझ्या खात्यातून आपोआप जाणार, कारण त्या दुसऱ्या ओटीपीने मी नॅशचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता परस्पर कापायची परवानगी, देऊन बसलो होतो.

क्लास म्हणाल तर सात आठवडे झाला. शनिवार-रविवार. सर यायचे, कॅनव्हावर पोस्ट कशी करायची दाखवायचे, आणि गुगलच्या स्किलशॉपवरचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावून स्वतः मागं जाऊन फोनवर बोलत बसायचे. ते स्किलशॉप फुकट असतं. परीक्षा फुकट, सर्टिफिकेट फुकट. हबस्पॉट अकॅडमीचं पण तसंच, मेटाच्या ब्लूप्रिंटचे कोर्सही फुकट, फक्त त्यांच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेला पैसे पडतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर. आणि गंमत बघा, जाहिरातीचा क्लास, पण सात आठवड्यात अॅस्कीचं नाव एकदाही निघालं नाही. १९८५ पासून मुंबईत आहे ती संस्था, जाहिरातवाल्यांनी स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली, सरकारी नाही, कुणीही फसव्या जाहिरातीची तक्रार तिथं करू शकतो. आम्हाला ते कशाला शिकवतील म्हणा.

सातव्या आठवड्यानंतर सर आले नाहीत. आम्हाला सांगितलं आता "लाइव्ह इंटर्नशिप" सुरू. ही इंटर्नशिप म्हणजे त्यांच्याच ऑफिसात बसून नव्या पोरांना फोन करायचे, आणि दर शुक्रवारी आपल्या व घरच्यांच्या मेल आयडीवरून क्लासला पाच स्टार रिव्ह्यू टाकायचे. मी आईच्या आयडीवरून टाकला. "माझ्या मुलाचे आयुष्य बदलले." आईला यातलं काही माहीत नाही, तिच्या नावाचं ते वाक्य मी लिहिलंय.

फोन करायला एक शीट द्यायचे. नाव, नंबर, गाव, आणि शेवटी रिमार्कचा कॉलम, त्यात हॉट, वॉर्म, कोल्ड असं लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी चुकून जुना महिना उघडला गेला, सहज स्वतःचं नाव शोधलं. सापडलं. माझ्यापुढं लिहिलं होतं, "बार्शी. फादर दिवाणजी. क्रिएटिव्ह म्हणलं की खूश. घरी विचारू देऊ नका. आजच क्लोज."

मी ती ओळ किती वेळ बघत बसलो माहीत नाही. शेजारचा म्हणला अरे फोन लाव, टार्गेट राहिलंय.

आणि मी लावला. हे लपवत नाही. त्यानंतरही मी नऊ दिवस फोन केले, कारण सांगितलं होतं की इंटर्नशिप पूर्ण केली नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर प्लेसमेंट नाही. माझ्या फोनवर तीन जण आले. एक हडपसरचा, एक लातूरचा, आणि एक परभणीची मुलगी, तिनं मला विचारलं होतं, "दादा, तुम्ही केलाय ना हा कोर्स? चांगलाय ना?"

सप्टेंबरमध्ये ऑफिसला कुलूप. वॉचमन म्हणला दोन महिन्याचं भाडं थकवून गेले. भिंतीवरच्या "प्लेस्ड" वाल्यांपैकी एकीला आम्ही लिंक्डइनवर शोधून काढलं, ती त्याच क्लासच्या रिसेप्शनवर होती, तिलाही दोन पगार मिळालेले नव्हते.

मी पाच हप्ते भरले, मग वाटलं क्लासच नाही तर हप्ता कशाचा, खात्यात पैसेच ठेवले नाहीत. ही माझी दुसरी चूक, हे अजिबात करू नका. मँडेट बाउन्स झाला की बँकेने पाचशे आणि वर जीएसटी असे ५९० कापले, फायनान्स कंपनीचा दंड वेगळाच. असं दोनदा झालं. मग वसुलीवाल्यांचे फोन, पहिल्यांदा मला, नंतर थेट आडतीवर अप्पांना.

अप्पा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुण्यात. मला एक शब्द बोलले नाहीत. कॉटवर बसून म्हणले, कागद दाखव. कागद कुठं होता माझ्याकडं, मेलवर पीडीएफ आलं होतं, बावीस पानं, मी कधी उघडलंच नव्हतं. खाली झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली. अप्पांना इंग्रजी यथातथाच, पण आकड्यांचं पान त्यांनी बरोबर काढलं, चष्मा वर करून बोटाने एकेक रकाना बघितला आणि म्हणले, "अरे, ही फी नाही. हे तुझ्या नावाचं कर्ज आहे. क्लासचं नाव तर यात कुठं देणेकरी म्हणून नाहीच."

त्या पानाला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले, त्यात कर्ज देणाऱ्याने हे पान आधी द्यायचंच असतं. एकूण खर्च किती, वर्षाचा दर किती, तक्रार कुणाकडं, सगळं त्यावर. आणि एक ओळ कूलिंग-ऑफची असते, म्हणजे तेवढ्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंड न भरता बाहेर पडता येतं. मुदत फार थोडी असते, म्हणून ते मेल त्याच रात्री उघडा. तुम्हाला कुणी "फॉर्म" म्हणून टॅब्लेट पुढं केला तर तो स्वतःच्या हातात घ्या, कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव विचारा, रिझर्व्ह बँकेच्या साइटवर नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांची यादी आहे तिथं ते बघा, आणि ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवूच नका. जो क्लास महिन्याच्या महिन्याला फी घ्यायला तयार होत नाही, कर्जच काढा म्हणतो, त्याचं पुढचं काही ऐकायची गरज नाही असं माझं मत झालंय.

पुढं काय झालं ते थोडक्यात. अप्पांनी आधी थकलेले हप्ते भरले, म्हणले सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब झालं तर उद्या घराला कर्ज मिळणार नाही, भांडायचं ते भरून भांडू. मग फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. तीस दिवसात धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत, तशी केली. त्यातून दंडाची रक्कम परत मिळाली. मुद्दल नाही मिळालं. कंपनीचं म्हणणं कर्ज तुम्ही घेतलं, पैसे क्लासला पोचले, क्लासशी तुमचा वाद वेगळा. तो वाद आम्ही अकरा जणांनी जिल्हा ग्राहक आयोगात नेलाय. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नसते आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन करून विचारलं तरी ते रस्ता सांगतात. आमच्या तारखा पडतायत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींवर नियमावली काढली, नोकरीची हमी देणं, "दोनच सीट शिल्लक" असली खोटी घाई लावणं हे सगळं त्यात मना केलंय. चांगलंय. पण आत्याच्या मुलाने पाठवलेल्या जाहिरातीत दोन्ही आहे, शंभर टक्के पण आणि शेवटच्या सीट पण, त्यामुळं तेवढ्यावर निवांत राहू नका.

मी आता एका छोट्या एजन्सीत आहे, कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहितो, पगार सांगण्यासारखा नाही. घेताना सर्टिफिकेट कुणी विचारलं नाही, म्हणले काही केलेलं असेल तर दाखव. मी मामाची खव्याची रील दाखवली. ती फुकटात झालती.

आईच्या नावाचा रिव्ह्यू मी काढून टाकला. हडपसरवाल्याला आणि लातूरवाल्याला फोन करून सगळं सांगितलं, दोघंही आता आमच्या अकरा जणांत आहेत, लातूरवाल्याने आधी शिव्या दिल्या मग कागद पाठवले. परभणीच्या मुलीचा नंबर अजून माझ्याकडं आहे. दोनदा डायल करून कट केलाय. तिचे हप्ते माझ्यानंतर सुरू झाले होते, आतापर्यंत फिटलेही असतील.