पाषाण, खडकवासला की पवना : मुलांना पाण्याकाठी नेण्यापूर्वी

पुण्यातल्या कुटुंबाला रविवारी पाण्याकाठी जायचे असेल तर बहुधा तीन नावे पुढे येतात : शहराने वेढलेला पाषाण तलाव, सिंहगडाच्या वाटेवरचा खडकवासला आणि मावळातला पवना. या तिन्ही ठिकाणचे धोके एका जातीचे नाहीत. पाण्याची घाण आणि पाण्याची खोली हे दोन वेगळे प्रश्न असूनही आपण त्यांची सरमिसळ करतो, आणि नितळ दिसते ते पाणी निर्धोक समजून मुलांना त्यात उतरू देतो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येणारे ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू’ हे वाक्य धरणांच्या नितळ पाण्याविषयीही असते, हे निवड करण्याआधी लक्षात घ्यावे.

घाणीच्या बाबतीत पाषाणचा प्रश्न सर्वांत उघड आहे. हा तलाव राम नदीवर आहे, आणि भूगाव, बावधनकडून येणाऱ्या या नदीच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली तसे तिच्यातून पावसाच्या पाण्याबरोबर सांडपाणीही तलावात येऊ लागले. जलपर्णी माजते ती या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. मी एकदा काठीने तिचा एक गड्डा काठावर ओढून पाहिला होता. वर टवटवीत हिरवी पाने होती, पण खाली हातभर लोंबणाऱ्या काळपट मुळांवर बुळबुळीत गाळ चिकटलेला होता आणि त्याला गटाराचा वास येत होता. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय निकषांनुसार बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे शक्यतो ५०० पर्यंत, फार तर २,५०० असावेत. ज्या तलावात मैलापाणी येते त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही. असे पाणी पोटात गेले तर जुलाब, विषमज्वर, कावीळ, आणि पावसाळ्यात पायाला जखम असताना त्यात उतरल्यास लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप), असे हे आजार आहेत. तरीही लहान मुलांसाठी माझी पहिली पसंती पाषाणलाच आहे, कारण तिथे पाण्यात उतरण्याचा मोह मुळातच होत नाही. हिवाळ्यात सकाळी दुर्बीण घेऊन जावे, हळदीकुंकू बदके आणि पाणकावळे पाहावेत, पाण्याला हात लावू नये आणि काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

खडकवासल्याची निवड करताना अधिक विचार करावा लागतो. १९६१ च्या पानशेत पुरात फुटलेले आणि नंतर पुन्हा बांधलेले हे धरण पुण्याला पिण्याचे पाणी देते, त्यामुळे ‘जे आपण पितो त्यात पाय बुडवायला काय हरकत आहे’ असे अनेकांना वाटते. पण नळाला येते ते शुद्धीकरण केलेले पाणी असते. धरणातले पाणी कच्चे असते आणि जलाशयाच्या काठाने गावे, हॉटेले, फार्महाऊस वाढत चालली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला, तेव्हापासून या भागात न उकळलेल्या पाण्याविषयी सावध राहणे हा मला भित्रेपणा वाटत नाही. पाषाणच्या तुलनेत हे पाणी निश्चितच बरे आहे, आणि हा बरेपणाच इथे फसवतो. काठावर चार पावले मुरूम लागतो, पाय घट्ट बसतात, मूल निर्धास्त होते. पुढच्या पावलाला गाळ लागतो आणि पाय पोटरीपर्यंत रुततो. तो उपसायला जावे तर तोल जातो, आणि तिथून उतार किती खोल गेला आहे हे वरून दिसत नाही. पट्टीचा पोहणाराही गाळात अडकलेला पाय हिसडून काढताना दमतो. धरणाखालच्या मुठेच्या पात्रात तर पावसाळ्यात मुळीच बसू नये, कारण वरून विसर्ग वाढला की पात्र भरायला वेळ लागत नाही; जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले ते सर्वांनी पाहिले आहे. खडकवासल्याला जावे ते सूर्यास्तासाठी आणि भाजलेल्या कणसासाठी, आणि मुलाचा हात सोडू नये.

पवनेचे पाणी तिघांत सर्वांत निर्मळ दिसते. समोर तुंग, तिकोना, लोहगड आहेत आणि काठाला तंबूंची रांग असते. मुक्कामच करायचा असेल तर यांपैकी पवना हेच ठिकाण आहे, परंतु खोलीच्या दृष्टीने मी त्याला सर्वांत धोकादायक मानतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की इथे वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. एरवी ते पाण्याखाली असते. ज्या फुगवट्याने अख्खे मंदिर पोटात घेतले आहे त्याचा तळ सपाट असेल असे मानण्याला काहीच आधार नाही. त्यात रात्रीचा अंधार आणि मोठ्यांचे मद्यपान यांची भर पडली की लहान मुलांकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही. म्हणून तंबू ठरवताना तो पाण्यापासून किती दूर असेल, रात्री काठावर दिवा आणि माणूस असेल का, आणि होडीत प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट आहे का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर दुसरीकडे चौकशी करावी. जॅकेट मुलाच्या अंगात चढवून पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे, आणि पाण्यात मूल त्यातून निसटू शकते.

पावसाळ्यात मात्र ही तुलना लागू होत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या दिवसांत पाण्यापासून लांब राहावे. मुलाला पोहायलाच हवे असेल तर जीवरक्षक असलेल्या जलतरण तलावाला या तिघांपैकी एकही ठिकाण पर्याय नाही.

यांपैकी कुठेही जाताना गाडीत तीसेक फूट नायलॉनची दोरी आणि बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवावा. कोणी बुडताना दिसले तर स्वतः उडी न मारता कॅन दोरीला बांधून त्याच्याकडे फेकावा, ‘धर’ म्हणून ओरडावे आणि दुसऱ्या कोणाला तरी ११२ वर फोन लावायला सांगावे.