आधी पाय, मग हात: दादरच्या एका कराटे वर्गाविषयी

दादर पश्चिमेला एका जुन्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरणाऱ्या शोतोकान शैलीच्या कराटे वर्गाविषयी हा अभिप्राय आहे. माझी मुलगी आणि मी, दोघीही तेथे शिकतो. मुंबईत कराटे वर्गांना तोटा नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी पालकांचे सगळे लक्ष पुढच्या बेल्टकडे असते आणि काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, ग्रेडिंगपुरता (बेल्टच्या परीक्षेपुरता) पाठ करायचा क्रम होऊन बसतो. या वर्गात काता पायांपासून शिकवतात, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही तो निवडावा.

सुरुवात अर्थातच हेइआन शोदान या पहिल्या कातापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे गुरू आन्को इतोसू यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरील शाळकरी मुलांसाठी घडवलेल्या ‘पिनान’ मालिकेत हा काता दुसरा होता. पुढे शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी मालिकेला ‘हेइआन’ हे नाव दिले आणि तुलनेने सोपा म्हणून याला पहिले स्थान दिले. त्यात 21 हालचाली आहेत आणि नवव्या व सतराव्या हालचालीला किआई, म्हणजे पोटातून काढलेला जोरकस आवाज, असतो. हा क्रम चुणचुणीत मूल दोनचार दिवसांत पाठ करते. येथे मात्र सर हातांच्या हालचाली बराच काळ बाजूलाच ठेवतात. हात कमरेवर ठेवून केवळ पावलांनी पूर्ण काता करून घेतात, आणि पावले नेमकी कोठे पडली हे प्रत्येकाजवळ येऊन पाहतात.

त्यासाठी सभागृहाच्या शहाबादी फरशीचा त्यांनी फार चांगला उपयोग केला आहे. झेन्कुत्सु-दाची या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला आणि सुमारे 60 टक्के भार पुढे असतो. पण दोन्ही पावलांमध्ये कमरेइतके आडवे अंतर राहिले नाही, तर वळताना तोल जातो. म्हणून दोन्ही पावले फरशीवर आखलेल्या दोन समांतर खडूच्या रेघांवर पडली पाहिजेत, असा नियम आहे. कोकुत्सु-दाची या पवित्र्यात याउलट दोन्ही टाचा एकाच रेघेवर हव्यात आणि सुमारे 70 टक्के भार मागच्या पायावर. कातातील शेवटच्या चार शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने केलेले बचाव, याच पवित्र्यात आहेत आणि नवशिक्यांची खरी कसोटी तेथे लागते: मागचा गुडघा आत झुकतो, धड पुढे कलते. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे, नाहीतर पुढे तो दुखणार, हे सर प्रत्येक वेळी बजावतात. चाळिशी ओलांडलेल्यांना पवित्रा थोडा उंच ठेवण्याची मुभा देतात, पण गुडघ्याच्या दिशेबाबत कोणालाही सवलत नाही.

दुसरी उल्लेखनीय गोष्ट म्हणजे वळणे. तिसऱ्या आगे-उकेनंतर (वरच्या बाजूच्या बचावानंतर) उजव्या पायावर 270 अंशांत फिरून डाव्या हाताचा गेदान-बराई, म्हणजे खालच्या बाजूचा बचाव, करायचा असतो, आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका येथे होतो, कारण दिशा लक्षात ठेवताना आपण नकळत फळ्याचा किंवा खिडकीचा आधार घेतलेला असतो. सर दर वेळी वेगळ्या भिंतीकडे तोंड करून काता सुरू करायला लावतात. हा उपाय साधा आहे आणि विलक्षण परिणामकारक आहे. त्यानंतर क्रम डोळ्यांनी आठवावा लागत नाही, कंबर आपोआप फिरते. हात जोडले जातात ते यानंतर, आणि तेव्हाही ठोशापेक्षा मागे खेचल्या जाणाऱ्या दुसऱ्या हाताकडे, म्हणजे हिकितेकडे, अधिक लक्ष दिले जाते.

बुंकाई, म्हणजे हालचालींचा प्रत्यक्ष उपयोग, मात्र फार उशिरा सुरू होते, आणि ही माझी ठाम तक्रार आहे. चौथ्या हालचालीत पाऊल मागे ओढून हात वरून फिरवत मुठीचा घाव का घालायचा, हे समोरच्याने मनगट धरल्यावर ते सोडवून पाहिले की लगेच उमगते. मोठ्या माणसांना हे पहिल्या महिन्यातच दाखवायला हवे. लहान मुले आणि मोठी माणसे एकाच बॅचमध्ये असल्यामुळे ते होत नसावे. शिवाय पावसाळ्यात फरशीला ओल येते, मॅट नाहीत, आणि अनवाणी पाय वळणावर घसरतात. वर्ग सुरू होण्यापूर्वी फरशी पुसून घेतात, पण मुसळधार पावसाच्या दिवसांत तेवढे पुरत नाही.

फी तीन महिन्यांची एकदम घेतात आणि ग्रेडिंगचे पैसे वेगळे असतात. दोन्ही रकमा प्रवेशाच्या वेळीच लिहून देतात. ग्रेडिंगला बसण्याचा आग्रह होत नाही. उलट पवित्रे पक्के नसतील तर सर पालकांसमोरच नकार देतात. प्रवेश घेण्यापूर्वी एक संध्याकाळ बसून पाहता येते, आणि त्या वेळी मुलांच्या हातांकडे न पाहता खडूच्या रेघांवर पडणाऱ्या पावलांकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे.