बीपीचं मशीन लेहला नेऊन आणलं, त्याचा रिव्ह्यू

मशीन सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतलं, दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल, 2100 ला पडलं. बाबा 68 चे, बीपीची गोळी दहा वर्षं चालू, आणि त्यांना जूनमध्ये लेहला जायचंच होतं. डॉक्टर म्हणाले जा, पण रोज मोजून मला पाठवा. दुकानदारांना विचारलं उंचावर हे बरोबर दाखवतं का, तर मान वर न करता म्हणाले, "मशीनला काय कळतंय पुणं की लेह." तेव्हा राग आला होता.

घरी येऊन पुस्तिका वाचली तर बारीक अक्षरात लिहिलेलं, वापरताना हवेचा दाब 800 ते 1060 हेक्टोपास्कल हवा आणि तापमान 10 ते 40 अंश. पुणे साडेपाचशे मीटरवर, इथे दाब साधारण 950. लेह साडेतीन हजार मीटर, तिथे साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे कंपनीची खात्री दोनेक हजार मीटरलाच संपते की! मावसभाऊ इन्स्ट्रुमेंटेशनवाला आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला अगं हे मशीन हवेचा दाब मोजतच नाही, सुरू झालं की बाहेरची हवा शून्य धरतं आणि पट्ट्यात त्याच्यावर किती दाब भरलाय तेवढंच बघतं, जुन्या पाऱ्याच्या यंत्रातही हेच, 120 म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 120 मिलिमीटर जास्त, त्यामुळे नुसत्या उंचीने आकडा बिघडायचं कारण नाही, कंपनी फक्त आपण जिथपर्यंत टेस्ट केलंय तिथपर्यंतचीच हमी देते.

बाबांना हे पटलं नाही. त्यांनी रविवारी मशीन पाठीवर टाकून सिंहगड गाठला. वर पोचल्या पोचल्या लावलं, 161. आई म्हणाली, "अहो, दम तरी खाऊ द्या त्या मशीनला." पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, अर्ध्या तासाने 130. मग पिठलं-भाकरी. सिंहगड तेराशेच मीटर, त्यातून उंचीचं काही सिद्ध झालं नाही, पण चढून आल्या आल्या मोजू नये एवढं बाबांना कळलं.

लेहला पहिल्या संध्याकाळी 158/96. पुण्यात कॅलेंडरच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी आई रोज 128, 126 असलं लिहायची आणि इथे एकदम हे, सगळ्यांचे चेहरे उतरले, बाबा म्हणाले मशीन हुकलं, आणि दुसरीकडे स्वतःच जास्तीची गोळी काढत होते!! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले मशीन खोटं बोलत नसेल, ऑक्सिजन कमी पडला की शरीर घाबरून नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं, सुरुवातीचे दिवस असं होतं, मनाने गोळी वाढवू नका, आज आराम, पण छातीत दुखलं किंवा बसल्या जागी दम लागला तर थेट हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशी तिथल्या सरकारी हॉस्पिटलात हाताने पंप मारून मोजून घेतलं, 148/90, आणि लगेच आपलं मशीन लावलं तर 151/92. तीनेक आकड्यांचा फरक तर मी पुण्यात लागोपाठ दोनदा मोजलं तरी बघितलाय. सहाव्या दिवशी आपोआप 138 वर आलं.

मशीन खरं अडलं ते पँगाँगला. तंबूत पहाटे गारठून ठार, बटण दाबलं की नुसती एररची खूण आणि बॅटरी संपल्याचं चिन्ह, सेल तर नवेकोरे होते. दोष आपलाच, 10 अंशाची अट वाचूनही विसरलो. मशीन रजईत अर्धा तास पोटाशी धरून ठेवलं मग चाललं.

आणि सगळ्यात मोठा घोळ उंचीचा नव्हताच, तो होता पट्ट्याचा. सोबतचा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटर दंडासाठी, बाबांचा दंड 34. पट्टा छोटा पडला की आकडा जास्त येतो. म्हणजे पुण्यातले 128 सुद्धा थोडे फुगलेलेच असणार. हे दुकानात टेप लावून कोणी बघितलं नाही. शिवाय थंडीत बाबा थर्मलच्या बाहीवरूनच बांधायचे, मी ओरडले की बाही गुंडाळून वर सरकवायचे, ती काखेत घट्ट बसायची, ते आणखी वाईट. एक हात बाहीतून पूर्ण बाहेर काढा आणि शाल पांघरा, सोपं आहे. मनगटाचं मशीन मात्र घेऊ नका, हात छातीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली राहिला तर सात-आठ आकडे उगाच वाढतात, आणि गाडीत-तंबूत हात नीट धरतो कोण.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार, दुकानाला दोन. परत आल्यावर मोठा पट्टा आणायला गेले तर तेच काका, 650 रुपये म्हणाले, आणि वर, "आधी मोजून का नाही आलात?"