उजवीकडे जुनी आयसी, डावीकडे नवी

क्वाड ४०५ हा जुना अँप आमच्या घरी आला तो बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबांच्या माळ्यावरून, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला. "चालतो की नाही ठाऊक नाही, न्या," एवढ्यावर व्यवहार झाला. दसऱ्यानंतर त्यात थोडेफार बदल केले. आता पाऊस सुरू झालाय, म्हणजे नऊ महिने रोज ऐकून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७५ साली पीटर वॉकर यांच्या क्वाडने आणलेला हा पॉवर अँप, दर चॅनेलला १०० वॅट. आत एक छोटा, स्वच्छ अँप नाजूक काम करतो आणि जाडे आउटपुट ट्रान्झिस्टर नुसता करंट ओततात. त्यांची चूक सर्किटच भरून काढतं. याला 'करंट डंपिंग' म्हणतात. गणपती मंडळांचे अँप दुरुस्त करणारे खडेबाजारातले आमचे मिस्त्री आत डोकावून म्हणाले, "ह्यात बायसचं प्रीसेट कुठाय हो?" प्रीसेट म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरांचा करंट जुळवायचा छोटा स्क्रू. तो नाहीच म्हटल्यावर म्हणाले, "मग गोऱ्यानं आमचं एक काम वाचवलंय की."

पहिला बदल गरजेचाच होता. तंबोरा लावला की जवारीच्या खालून घूं घूं यायची. फिल्टरचे दोन्ही कपॅसिटर, १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचे, वयाने सुकले होते. ते बदलले आणि आवाज शांत झाला. इथेच थांबायचं, तर मला हाव सुटली. २२,०००चे घातले. खटका टाकला की ट्यूबलाइट डोळा मारायची आणि महिन्यात दोन फ्यूज उडाले. तबल्याचा बायाँ मात्र आधी होता तसाच. गुपचूप परत १०,०००वर आलो. कपॅसिटर मात्र ६३ व्होल्टचेच ठेवा. आमच्या गल्लीत संध्याकाळी २०५ व्होल्ट असतात, मध्यरात्रीनंतर २४५. अँपचा मुख्य पॉवर सप्लाय रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, नसल्याने आतले अधिक-उणे ५० व्होल्टही त्याबरोबर हलतात.

आणि उघडण्याआधी डिस्चार्ज करा, रेझिस्टर लावून. ५० व्होल्टला त्या एकेका डब्यात साडेबारा जूल साठलेले असतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणाऱ्यांचं धाडस मला नको. काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना मिस्त्रींच्या सिरीज बोर्डवर, १०० वॅटचा बल्ब मध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर हात जोडून बंद करायचं.

खरा फरक पडला तो चहाच्या कपाएवढ्या किमतीच्या चार रेझिस्टरांनी. ४०५ला पूर्ण आवाजासाठी अर्धा व्होल्ट पुरतो, आणि आजचा सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारा डबा) दोन व्होल्ट देतो. चौपट, म्हणजे १२ डेसिबल जास्त. त्यामुळे प्रीअँपचा, म्हणजे ४०५च्या आधी लागणाऱ्या डब्याचा, आवाजाचा नॉब जरा सरकवला की शेजारचे काका खिडकीत. रात्री हळू ऐकावं तर नॉबच्या सुरुवातीला डावं-उजवं सारखं लागत नव्हतं. सिग्नल कमी करायला दर चॅनेलला १० आणि ३.९ किलोओहमचे, मेटल फिल्म रेझिस्टर इनपुटलाच लावले. आता नॉब मध्यावर असतो, गाणारा मधोमध बसतो आणि प्रीअँपची सरसरही तेवढीच खाली गेली. जुना डिन सॉकेट काढून आरसीए बसवले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आयसी, म्हणजे सुरुवातीचं नाजूक काम करणारी चिप. मूळ ४०५मध्ये एलएम३०१ असते. तिला स्थिर राहायला बाहेरून कॉम्पेन्सेशनचा छोटा कपॅसिटर लागतो, नवीन आयसींना तो लागत नाही. एलएम३०१चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलायचा वेग, अर्ध्या व्होल्टच्या आसपास, मी निवडलेल्या नव्या ओपीए१३४चा २० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. कागदावर बैलगाडी आणि मोटार. ऑनलाइन मागवलेली पहिली जोडी नकली निघाली, वरचं नाव नखाने घासलं तर पुसलं. दुसरी बेंगळूरच्या एसपी रोडवरून पाहुण्याकरवी आणवली.

दोन्ही चॅनेलचे बोर्ड वेगळे आहेत, म्हणून नवी आयसी फक्त डावीकडे बसवली आणि महिनाभर तसंच ऐकलं. त्यासाठी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग हवं, म्हणून कुमार गंधर्व. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, पहिला मान त्यांचाच. पहिल्या आठवड्यात माझी खात्रीच झाली की डावीकडे श्वास मोकळा, तारा जास्त चकचकीत. हिलाही तसंच वाटलं. मग एका रविवारी अँपमागे स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, आत येणारा सिग्नल तसाच ठेवून. मोकळा श्वास डावीकडेच राहिला! आता त्या स्पीकरला जुनी आयसी वाजवत होती. डावा स्पीकर भिंतीजवळ आहे, उजव्यामागे खिडकी आणि पडदा. महिनाभर मी भिंतीचं कौतुक करत होतो.

टेपने मोजून दोन्ही स्पीकर भिंतीपासून सारख्या अंतरावर आणले, पडदा बाजूला केला. त्यानंतर दहा फुटांवरून आम्हा दोघांनाही ओळखता आलं नाही. गाणं बंद असताना ट्वीटरला कान लावला तर नव्या बाजूची सरसर थोडी कमी आहे, एवढं खरं.

करंट लिमिटर, म्हणजे आउटपुटचा करंट मर्यादेत ठेवणारा भाग, काढायचा सल्लाही बरेच जण देतात. माझे स्पीकर ८ ओहमचे, मी हात लावला नाही. सर्वो स्टॅबिलायझर लावून पाहिला, त्याची कर्र कर्र अँपच्या हमपेक्षा मोठी, तो आता फ्रिजला दिलाय.

जोडीतली दुसरी आयसी अजून काड्यापेटीत कापसावर ठेवलीय. मिस्त्री विचारतात, कधी बसवायची? पाऊस थांबू दे म्हणतो.